घाटात दम सोडणारी जुनी टर्बो हॅचबॅक: टर्बो बदलायला होकार देण्याआधी काय तपासायचं

साताऱ्यातलं समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो. सपाटीला वाऱ्यासारखी पळणारी गाडी तिथे दोन-तीन वळणं नीट चढते आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलेटर निम्म्याच्या पुढे दाबला की एकदम सैल पडते. आणखी दाबा, फरक नाही. मीटरवर पिवळी चेक लाइट लागते, मागचा टेम्पो हॉर्न देतो. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की गाडी परत शहाण्यासारखी चालते. पुढच्या चढाला पुन्हा तेच.

गेल्या सहा वर्षांत हे दुखणं मी माझ्या स्वतःच्या गाडीवर तीनदा आणि मित्रांच्या, ओळखीच्यांच्या गाड्यांवर दहा-बारा वेळा काढलंय. माझं गॅरेज नाही. एमआयडीसीत मशिन मेंटेनन्सला आहे, त्यामुळे पाना रोजच हातात असतो. एवढ्या गाड्यांत टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, खरोखर गेलेला निघाला फक्त दोनदा. पण जवळपास प्रत्येकाने गॅरेजमध्ये पहिलं वाक्य एकच ऐकलेलं होतं: "टर्बो गेलाय दादा, बदलावा लागंल." साठ-सत्तर हजारांपासून लाखापर्यंतचा आकडा ऐकून आमच्यातल्या दोघांनी चांगल्या गाड्या मिळेल त्या भावाला देऊन टाकल्या. त्यातली एक पुढे नव्या मालकाने दीड हजाराच्या पाइपवर चालू केली. ते मला आजही लागतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाड्या कुठल्या, तर स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या टर्बो पेट्रोल हॅचबॅक. २०१३ पासून आलेली पोलो जीटी टीएसआय, २०१५ ची अबार्थ पुंटो, २०१७ ची बलेनो आरएस, २०१८ ची टियागो जेटीपी, असा हा सगळा गोतावळा. यातल्या बऱ्याच आता आठ-दहा वर्षांच्या आहेत, दोन-तीन मालक फिरून आल्यात आणि तीन-चार लाखांच्या आसपास मिळतात. खाली लिहिलेलं दुखणं कुठल्या एका कंपनीचं नाही. रबर वाळतं, प्लग झिजतो, आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललेलं नसतं. वयाचं आणि निगेचं दुखणं आहे हे.

लक्षणं

दम जाणं म्हणजे प्रत्येक वेळी एकच गोष्ट नसते. गॅरेजला जाण्याआधी आपल्या गाडीचं नेमकं काय होतंय ते एका कागदावर लिहा: कुठल्या गिअरला, किती आरपीएमला, गाडी गरम की थंड, पाऊस होता का. मिस्त्रीला "पिकअप नाही" एवढंच सांगितलं, तर तोही अंदाजच करणार.

दम एकदम तुटतो, चेक लाइट लागते आणि चावी फिरवली की परत येतो, याला लिंप मोड म्हणतात. कॉम्प्युटरने इंजिन वाचवण्यासाठी ताकद स्वतःहून कमी केलेली असते. हवेचा दाब जेवढा मागितला तेवढा मिळाला नाही, किंवा जास्त झाला, ही त्याची नेहमीची कारणं.

कमी आरपीएमला जोर दिला की गाडी धक्के खाते, थरथरते, आणि चेक लाइट लुकलुकते. हे मिसिंग. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाहीये.

जोर देताना बॉनेटखालून सूंऽऽ असा आवाज येतो आणि आवाज वाढतो तसा दम कमी होतो. कुठेतरी हवा गळतेय.

इंजिनचा आवाज आणि आरपीएम वर जातात पण स्पीड वाढत नाही. इथे इंजिनात काही बिघाड नाही, क्लच घसरतोय. माझ्याकडे आलेल्या एका गाडीला ठिणगी पाडणारे नवे प्लग, त्यांना वीज देणारी नवी कॉइल, नवा फिल्टर असं सगळं घालून झालं होतं आणि दुखणं होतं क्लच प्लेटचं. म्हणून ही खूण सगळ्यात आधी तपासा.

धुराचा रंगही पाहून ठेवा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल, त्याला गोडसर वास असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर पुढचं काहीही न करता गाडी उभी करा. ते काम घरचं नाही.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली क्लचची. मॅन्युअल गाडी असेल तर मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरला चाळीसच्या स्पीडला अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि गाडी मागे राहिली, तर क्लच संपलाय. टर्बो इंजिन खालच्या आरपीएमलाच भरपूर टॉर्क देतं, त्यामुळे झिजलेली प्लेट आधी घाटातच उघडी पडते. दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल आणि गिअरचा आकडा लुकलुकत असेल, तर त्याला हात लावू नका. त्याचं निदान त्याच गिअरबॉक्सचं काम करणाऱ्याकडे.

दुसरी ब्रेकची. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर मागचे ब्रेक आणि हँडब्रेकची केबल धरून बसणं नेहमीचं. पाच-सहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून गाडी चालवा, उभी करा आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या. डिस्कला हात लावायचा नाही, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट तापलेलं असेल, तर गाडी ब्रेक लावूनच घाट चढतेय.

तिसरी पेट्रोलची. आपल्या जिल्ह्यांतल्या उसापासूनही बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे मायलेज थोडं उतरणार. ते दुखणं नव्हे, आणि त्यामुळे दम असा एकाएकी तुटतही नाही. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी दोन-तीन महिने उभी होती का? टाकीत पाव टाकी जुनं पेट्रोल पडून होतं का? तसं असेल तर ते आधी संपवा, चांगला खप असलेल्या पंपावरून टाकी भरा आणि मग बघा.

"वर हवा विरळ होते म्हणून गाडी ओढत नाही," असंही सांगितलं जातं. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण सातशे-साडेसातशे मीटरवर आणि कास बाराशेच्या आसपास. एवढ्या चढणीत हवेची घनता जेमतेम चार-पाच टक्क्यांनी उतरते. साध्या इंजिनाला तेवढा फरक पडतो. टर्बो तर हवा कोंबण्यासाठीच बसवलेला असतो, ही तूट तो सहज भरून काढतो. विरळ हवेचं कारण टर्बो गाडीला लावू नका.

एअर फिल्टर

किंमत चारशे ते आठशे, वेळ दहा मिनिटं. दोन-चार क्लिपा किंवा स्क्रू काढले की डबा उघडतो. टर्बो कितीही चांगला असला तरी येणारी हवाच अडली तर तो पुढे काय ढकलणार? फिल्टर उन्हाकडे धरून बघा. घड्यांमधून उजेड दिसत नसेल तर नवा घाला. हवेच्या नळीने फुंकून पुन्हा बसवण्याची सवय मोडा. कागद आतून फाटला तर धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते.

कोरेगावकडच्या एका मित्राची गाडी गळित हंगामात दोन महिने शेतातल्या शेडमध्ये उभी होती. डबा उघडला तर आत उसाच्या पाचटाचं नीट वळलेलं घरटं, त्यात शेंगांची टरफलं, आणि फिल्टरचा एक कोपरा कुरतडून भोक पाडलेलं. उंदीर हवा घेण्याच्या तोंडातून आत शिरला होता. घरटं काढलं, डबा पुसला, नवा फिल्टर घातला. चारशे साठ रुपयांत गाडी घाट चढली. आता त्याने त्या तोंडाला आतून जाळी बसवलीय. गावाकडे किंवा शेताजवळ गाडी लावणाऱ्यांनी हिवाळ्यात महिन्यातून एकदा डबा उघडून बघावा.

स्कॅनर लावा, पण कोडवर आंधळा विश्वास ठेवू नका

हजार-बाराशेचा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं एक अ‍ॅप एवढं पुरतं. स्टिअरिंगखाली सॉकेट असतो. कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड लिहून घ्या, फोटो काढा, आणि मगच पुसा. पुसून टाकलेला कोड म्हणजे फेकून दिलेला पुरावा.

नेहमी दिसणारे थोडेच. पी०३०० म्हणजे सगळीकडे विखुरलेलं मिसिंग, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब मागितला त्यापेक्षा कमी, पी०२३४ म्हणजे जास्त. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पी००८७ म्हणजे पेट्रोलचा दाब कमी.

सगळ्यात जास्त फसवणारा कोड पी०२९९. तो फक्त एवढंच सांगतो की दाब कमी पडला. फाटलेला पाइप, सैल क्लिप, अडकलेला व्हॉल्व्ह, चुकीचं वाचणारा सेन्सर, यातलं काहीही असलं तरी कोड हाच येतो. हा एकच कोड दाखवून कोणी टर्बो बदलायला सांगत असेल, तर तपासणी अजून सुरूच झालेली नाही असं समजा.

एक फुकटची आणि फार उपयोगाची तपासणी इथेच होते. चावी चालू ठेवा पण इंजिन सुरू करू नका, आणि अ‍ॅपवर एमएपी म्हणजे मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा शिरते त्या पाइपाच्या) दाबाचा आकडा बघा. इंजिन बंद असताना सेन्सरला बाहेरच्या हवेचाच दाब दिसला पाहिजे. समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कल असतो, साताऱ्यात ९२-९३ आणि कासला ८८ च्या आसपास. साताऱ्यात उभ्या गाडीला तो ७५ किंवा ११० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, आणि कॉम्प्युटर त्याच खोट्यावर निर्णय घेतोय.

मग शेजारी कोणाला तरी बसवा आणि चढावर तिसऱ्या गिअरला पूर्ण जोर द्या. आकडा शेजारच्याने बघायचा. गाडी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच हवी, यवतेश्वरच्या वळणांवर तर नक्कीच. चांगल्या टर्बोचा आकडा दीडशेच्या पुढे चढतो, नेमका किती ते इंजिनावर अवलंबून. तो पंचाण्णव-शंभरलाच अडकला असेल, तर दाब तयार होत नाहीये किंवा वाटेत गळतोय. दाब नीट चढतोय आणि तरीही गाडी धक्के खातेय, तर टर्बोचा विषय संपला. प्लग-कॉइलकडे वळा.

प्लग आणि कॉइल

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गाड्या इथेच बऱ्या झाल्या, म्हणून थोडं सावकाश लिहितो.

दुखणं फक्त घाटातच का दिसतं याचं उत्तर इथे आहे. टर्बो जोरात असताना सिलिंडरमध्ये हवा दाटून भरलेली असते. दाटलेल्या हवेत ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची फट झिजून वाढलेली असेल तर आणखी जास्त. सपाटीला तीच झिजलेली जोडी रडतखडत काम भागवते. घाटात जोर मागितला की ठिणगी हुकते किंवा भलतीकडून उडते. म्हणून "हायवेला तर १२० ला मस्त चालते" याचा अर्थ प्लग चांगले आहेत असा होत नाही.

काम थंड इंजिनावरच करा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे सोलून येतात. कॉइल वर ओढायच्या आधी खड्ड्यातली धूळ फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. कोणता प्लग कुठल्या सिलिंडरचा, ते क्रमाने कापडावर मांडून ठेवा.

आता प्लग वाचा. टोक बिस्किटासारखं फिकट तपकिरी असेल तर छान. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण जाड, पेट्रोल जास्त. ओलसर तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. टोक पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर इंजिन जास्त तापतंय, तिथे थांबा.

टोकाइतकंच वरचं पांढरं चिनी मातीचं अंगही बघा. माझ्या गाडीचं पहिलं दुखणं तिथे सापडलं. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग हातात फिरवला तर पांढऱ्या अंगावर वरून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ होती, टोकदार पेन्सिलने ओढल्यासारखी. नखाने घासून जात नव्हती. ठिणगी खाली फटीत उडण्याऐवजी त्या रेघेवरून बाहेरच्या बाजूने निसटत होती. कॉइलची रबरी टोपी उलटी करून टॉर्चने पाहिली, आत त्याच जागी तशीच रेघ. अशा वेळी प्लग आणि टोपी दोन्ही बदलावे लागतात. एकच बदललं तर जुन्यावरची रेघ नव्यावर उमटते आणि महिनाभरात दुखणं परत येतं. मी तेव्हा फक्त प्लग बदलला होता. पाच आठवड्यांनी पसरणी घाटात, पाचगणीच्या अलीकडे, घरचे सगळे गाडीत असताना पुन्हा तेच झालं.

कॉइल तपासायला पैसे लागत नाहीत. कोड पी०३०२ असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, पुन्हा घाट चढा. आता पी०३०१ आला तर दुखणं कॉइलबरोबर सरकलं, म्हणजे कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची तशीच अदलाबदल करा. दोन्ही बदलूनही मिसिंग त्याच सिलिंडरला चिकटून राहिलं तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, आणि ते गॅरेजचं काम.

प्लगचा नंबर आणि फट गाडीच्या पुस्तकात दिलेलीच घ्या. टर्बो इंजिनाची फट साध्या इंजिनापेक्षा लहान असते, बहुतेक ०.७-०.८ मिलिमीटरच्या घरात. इरिडियम प्लगला तारेचा ब्रश लावू नका, टोक फार बारीक असतं. बसवताना आधी नुसत्या हाताने फिरवून आटे धरू द्या, मग टॉर्क पान्याने पुस्तकातला आकडा. अंदाजाने आवळलेला प्लग मी एकदा हेडमध्ये मोडलेला पाहिलाय. त्या माणसाला हेड खोलावं लागलं.

चांगले प्लग पाचशे ते नऊशेला एक, कॉइल दीड हजारापासून चार हजारांपर्यंत. रस्त्यावर मिळणारी निम्म्या किमतीची कॉइल घेऊ नका, मी घेतलेली तीन महिन्यांत गेली. आणि चेक लाइट लुकलुकत असताना "घरापर्यंत जाऊ" म्हणून गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो. दीड हजाराची कॉइल वाचवताना चाळीस-पन्नास हजारांचा भाग जातो.

हवेची गळती

टर्बोतून निघालेली हवा इंटरकूलरमध्ये (ही हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनात जाते. वाटेत चार-सहा रबरी होज आणि तेवढ्याच क्लिपा. रबर उष्णतेने कडक होतं, ऑइलच्या वाफेने फुगतं, आणि नेमकं खालच्या बाजूला, जिथे डोळा जात नाही, तिथे चिरतं. इंजिन नुसतं चालू ठेवून ही चीर कळत नाही, कारण तेव्हा त्या पाइपात दाबच नसतो. गॅरेजमध्ये उभी गाडी "एकदम ओके" वाटते ती यामुळे.

आधी टॉर्च आणि हाताचा आरसा घ्या. सांध्यावर ऑइलचा हलका पातळ थर असणं चालतं. पण एका जागी ओलसर काळी धूळ चिकटून रेघ धरली असेल तर तिथूनच हवा बाहेर येते. माझ्या गाडीचं दुसरं दुखणं असंच होतं: इंटरकूलरच्या खालच्या होजला बोटभर लांब चीर, सरळ धरला तर बंद, वाकवला की ओठ उघडल्यासारखी उघडायची. वरून पाइप नवाकोरा वाटत होता. मी तो बोटांनी पिळला नसता तर सापडला नसता. म्हणून प्रत्येक होज हातात धरून पिळा, क्लिपांना पाना लावा. क्लिप पन्नास-शंभराची, होज दीड ते पाच हजारांचा.

बारीक व्हॅक्यूमच्या नळ्याही बघा. पेन्सिलएवढ्या जाडीची एखादी तडकलेली नळी वेस्टगेटला, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेला, चुकीचा दाब पोचवते आणि अख्खी गाडी लिंप मोडमध्ये जाते. मीटरच्या मापाने विकत मिळते ती, शंभर रुपयांचं काम. अ‍ॅक्सिलेटर सोडल्यावर जादा दाब सोडून देणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटला तरी दाब परत मागे निसटतो, तोही काढून उजेडाकडे धरून बघावा.

डोळ्याला सापडलं नाही तर दाब देऊन बघावं लागतं. मी प्लंबिंगच्या दुकानातल्या पीव्हीसी टोपीला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवून घरी एक बनवलंय. इंजिन बंद आणि थंड, टोपी टर्बोच्या हवेच्या तोंडावर क्लिपने आवळायची, आठ-दहा पीएसआय हवा द्यायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. दहाच्या वर अजिबात नाही, आतल्या सीलना सोसत नाही. सैल टोपी गोळीसारखी उडते, त्यामुळे तिच्यासमोर उभं राहायचं नाही. दाबाच्या हवेवर काम केलेलं नसेल तर हे करू नका. स्मोक टेस्टचं मशिन असलेल्या गॅरेजमध्ये हजार-दीड हजारात धूर सोडून तीच गळती दाखवतात. ते पैसे सत्कारणी लागतात.

हवा मोजणारा सेन्सर

हा सेन्सर एअर फिल्टरनंतर लगेच बसवलेला असेल तर तो काढून त्याच्याच स्प्रेने साफ करा. कार्ब्युरेटर क्लीनर चालत नाही, आतल्या तारेला बोट किंवा कापड लागता कामा नये. आधीच्या मालकाने तेल लावायचा मोठा फिल्टर बसवला असेल तर त्याच तेलाने हा सेन्सर घाण होतो. कंपनीचा डबा आणि कागदी फिल्टर परत बसवा. रीमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेली, गाडी मूळ सेटिंगवर आणल्याशिवाय पुढचं निदान करण्यात अर्थ नाही, कारण दाबाचा कुठला आकडा बरोबर आणि कुठला चूक तेच कळत नाही.

प्रत्येक दुरुस्तीनंतर कोड पुसून तोच घाट दोनदा चढा. एकदा थंडावलेल्या इंजिनाने, एकदा पूर्ण गरम इंजिनाने. दोन्ही वेळा कोड आला नाही तरच काम झालं म्हणायचं. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन भाग एकदम बदलले तर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हीचे पैसे जातात.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

इतकं करून दुखणं राहिलं तर घरचे हत्यार खाली ठेवा. थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोलचा दाब शंभर बारच्या पुढे असतो. तो पाइप घरी सैल करणं म्हणजे आग आणि डोळा दोन्ही धोक्यात घालणं. पी००८७ आला की टाकीतला पंप आणि वरचा हाय प्रेशर पंप मोजायला प्रशिक्षित माणूसच हवा. याच इंजिनांत पेट्रोल इनलेट व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि मागे कार्बनची पुटं चढतात. ती साफ करणंही गॅरेजचंच काम.

ऑइलचा लाल दिवा लागला, तापमानाचा काटा चढला, पेट्रोलचा वास आला, निळा धूर सुरू झाला, सकाळी थंड इंजिनाला आतल्या चेनचा खडखडाट येतो किंवा टर्बोतून धातू घासल्याचा आवाज येतो: यातलं काहीही एक असलं तर गाडी जागेवर बंद करा आणि टोइंग बोलवा. टर्बोचं पातं मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं. ते तुटून पुढे गेलं तर इंजिन जातं. चढाला गाडी कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी वाटते, वरच्या आरपीएमला जातच नाही, आणि आधी बरेच दिवस मिसिंग होतं, तर कन्व्हर्टर बुजला असण्याची शक्यता मोठी. त्याचा बॅकप्रेशर, म्हणजे अडलेल्या धुराचा मागे साठणारा दाब, मोजून घ्या.

टर्बोच गेलाय असं गॅरेज म्हणत असेल तर तीन गोष्टी समोर उभं राहून मागा. स्मोक टेस्ट कोरी आली का? टर्बोचा दांडा हातात धरून दाखवा: आडवा किंचित हलला तर चालतं, पुढे-मागे हलता कामा नये, पातं घराला घासलेलं नसावं. आणि वेस्टगेटचा दांडा मोकळा फिरतो का? बऱ्याचदा तोच गंजून अडकलेला असतो आणि टर्बो चांगला असतो. चांगला कारागीर हे दाखवायला कंटाळत नाही.

माझ्या पाहण्यातले जे दोन टर्बो खरोखर गेले, ते दोन्ही ऑइलने गेले. एकाने अठरा हजार किलोमीटर ऑइल बदललं नव्हतं. दुसऱ्याने नवा टर्बो बसवला, पण ऑइलची बारीक नळी जुनीच ठेवली. तिच्यात जळक्या ऑइलचा कोळसा साचला होता, आणि नवा टर्बोही चार महिन्यांत कोरडा पडून गेला. टर्बो बदलाल तर ती नळी, ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी नवे.

घेण्याआधी

माझी गाडी तीन लाख चाळीस हजारांना घेतली. पहिल्या वर्षी प्लग ३,२००, कॉइल २,९००, ऑइल-फिल्टर दोनदा मिळून ९,६००, होज आणि क्लिपा ४,१००, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल ५,५००, बॅटरी ५,६००, चार टायर २२,०००. एकूण ५२,९००, आणि यात मोठं काहीच नाही, मजुरीही बहुतेक माझीच. म्हणून तीन लाखांचं बजेट असेल तर सव्वादोनची गाडी शोधा आणि उरलेले पंचाहत्तर हजार वेगळे ठेवा. सगळे पैसे गाडीत घालून घेतलेल्यांच्या गाड्या पहिल्या कॉइललाच परत विकायला निघतात.

एमएच ११ असो, कराडची ५० असो की सांगलीची १०, ट्रायल हायवेवर घेऊ नका. मालकाला सांगून गाडी यवतेश्वरला न्या, घरी आधीपासून गरम करून ठेवलेली नको, थंड इंजिनापासून सुरू करा. निघण्याआधी स्कॅनर लावा. कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, अ‍ॅपमधलं रेडिनेस मॉनिटरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते दाखवणारं, पान उघडा. बरेचसे मॉनिटर अपूर्ण दिसत असतील, तर अलीकडेच कोणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. मालकाला नीट विचारा. बॅटरी नवी असेल तर बिल दाखवेल. बिल नसेल तर आठवडाभराने, गाडी तीनशे-चारशे किलोमीटर चालल्यावर, पुन्हा स्कॅनर लावायला या. मॉनिटर पूर्ण झालेले आणि पान कोरं दिसेपर्यंत टोकन देऊ नका.